कात्री

आईने आयुष्यभर सिनेमातल्या गर्दीत उभं राहून काम केलं. एकदाच तिला संवाद मिळाला, मारकुट्या नवऱ्याला सुनावण्याचा. सिनेमा लहानमोठ्या सगळ्यांना दाखवता यावा, तिकिटं जास्त खपावीत, म्हणून निर्मात्याने नेमका तोच सीन उडवला. शेजारणींना घेऊन थिएटरात गेलेली आई मान खाली घालून परतली.

आज सेन्सॉरच्या खुर्चीत मी आहे, आणि परवा लागणारा त्याच निर्मात्याचा बालचित्रपट माझ्यासमोर. त्यात रक्ताचे तीन शॉट त्याने मुद्दाम घुसवलेत. आम्ही तेवढे कापून खूश व्हायचं आणि बाकीचा सिनेमा निमूट पास करायचा, ही त्याची जुनी खोड.

"मॅडम, तुम्ही म्हणाल ते कापतो," तो हात जोडून म्हणाला.

"छे, कुणाच्या मेहनतीला कात्री नको," मी म्हटलं.

आणि सर्टिफिकेटवर लिहिलं, 'फक्त प्रौढांसाठी'.