आडवा मग
हिवाळ्यात गोल्फचं मैदान गोठलं, की मरडो दिवाणखान्यातल्या गालिच्यावर सराव मांडायचा. चहाचा मग आडवा ठेवायचा आणि चेंडू हलकेच त्यात ढकलायचा. यंदा मात्र म्हाताऱ्याचे हात थरथरत होते. "वसंतापर्यंत जमलं नाही, तर गोल्फच्या काठ्या देऊन टाकीन," तो बायकोला म्हणाला. एफीनं विणकामातून मान वर केली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची मगाशेजारी आली. चेंडू भरकटला, की ती सपातेच्या टोकानं मग अलगद सरकवायची. ठण्ण. "बघ, बसला हात," ती म्हणायची. मरडो खुशीत शीळ घालायचा. मैदान उघडलं त्या सकाळी एफीनं त्याचं सँडविच बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. तिथला खळगा काही सरकणार नव्हता. मरडोनं काठ्या खांद्याला लावल्या. सोबत निघालेली एफी बूट घालायला वाकली, तसा तो म्हणाला, "सपाताच राहू देत. लागतील."