जोडवी

"ती पक्कड आधी खाली ठेव," आई म्हणाली.

माझ्या बाळंतपणासाठी ती सांगलीहून एकटीच मेलबर्नला आली होती. उठलं तर शेजारच्याला त्रास, म्हणून विमानात जागची हलली नव्हती. आता पाय सुजून टम्म झाले होते आणि जोडवी बोटांत रुतली होती. मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून झाले, उशांवर ठेवून झाले, साबण चोळून झाला. बोटं निळी पडत चालली होती.

"लग्नात घातली आहेत ही. तुझे बाबा असेपर्यंत निघायची नाहीत."

मी मान खाली घातली. ती विमानात असतानाच दादाचा फोन आला होता. बाबा झोपेतच गेले. "तिला जरा टेकू दे, दोन घास खाऊ दे, मग सांग," तो म्हणाला होता. ताट अजून तसंच होतं. मी तिचे तळवे चोळत राहिले. डोळे मात्र ऐकेनात.

"अगं वेडे, माझ्या पायांसाठी रडतेस? या दिवसांत रडू नये." तिने पदर दातांत धरला आणि पाय पुढे केला. "काप."

मी पक्कड दाबली. चांदी कट्‌कन तुटली.

तुटलेलं जोडवं मुठीत धरून आई हळूच म्हणाली, "बाबांना मात्र सांगू नकोस हं. उगाच मनाला लावून घेतील."

"नाही सांगणार," मी म्हणाले आणि तिचा दुसरा पाय मांडीवर घेतला.