पहिलटकरीण

लग्नानंतर आठ वर्षांनी ताईला दिवस गेले. मी सुईणीचं काम शिकत होते, म्हणून तिच्या तपासणीचा कागद हौसेनं मीच भरला: पहिलटकरीण.

तिला तपासून आलेल्या सिस्टर मला म्हणाल्या, "पहिलटकरीण कसली? हिचं आधी एक बाळंतपण झालंय. पहिला धडाच कच्चा तुझा! जा, नीट विचारून ये."

मी हसतच पडद्याआड गेले. ताई रडत होती.

"तू झालीस तेव्हा मी सतराची होते गं. आईनं तुला पदरात घेतलं आणि मला शपथ घातली."

"घरात कुणाकुणाला माहीत आहे?"

"तुझ्याशिवाय सगळ्यांना."

बाहेर बाकावर बसलेली आई मला बघून लगबगीनं उठली. "सगळं ठीक आहे ना गं, बाळा?"



"ठीक आहे, आजी."