गारठलेली बाटली

नळीतल्या पाण्यात तपासणीच्या औषधाचे पाच थेंब पडले, पाणी जेमतेम पिवळसर झालं आणि पोहण्याच्या तलावावरच्या बाईंनी कपाळाला हात लावला. आजही क्लोरीन कमीच. सलग चौथा दिवस.

तीन दिवस त्या तलावात क्लोरीनची जास्तीची पावडर टाकत होत्या, तरी रंग चढेना. काठावर मात्र असा भपकारा की नाकाला पदर लावावा. नळी एक सांगत होती, नाक दुसरंच.

पाणी तपासायची ही पेटी थंडीच्या दिवसांत बाई रोज घरी न्यायच्या. शालीत गुंडाळून, चहाच्या डब्याशेजारी ठेवायच्या. नवरा म्हणायचा, "पोरांना कधी एवढं जपलं नाहीस." सोमवारी नव्या मॅनेजरनं भिंतीवर कागद लावला: इथली वस्तू बाहेर न्यायची नाही. तेव्हापासून पेटी पंपघरात होती. तलावाचं पाणी तापवलेलं, पण तिथे सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरलेला असायचा.

बाईंनी कपभर पाण्यात चिमूटभर पावडर विरघळवली, ते पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. भडक नारिंगी व्हायला हवं होतं. झालं तेच, जेमतेम पिवळसर.

त्यांनी पावडरच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.

बाहेर शिकाऊ वर्गाची अठरा पोरं टोप्या घालून रांगेत उभी होती. रांगेत त्यांची नातही होती.

"आज कुणाला पाण्यात उतरवायचं नाही," त्या मॅनेजरला म्हणाल्या. "क्लोरीन फार झालंय."

त्यानं नोंदवही पुढे ओढली. "इथे तर रोज कमी लिहिलंय. अक्षर तुमचंच ना?"

"माझंच. बाटलीतलं औषध थंडीनं वाया गेलंय साहेब. आणि त्याच्या भरवशावर मी पावडर ओतत बसले."

"हे आता पालकांना कोण सांगणार?"

"मी सांगते. पेटी पंपघरात का राहिली, तेवढं तुम्ही सांगा."

मॅनेजरनं भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं आणि नोंदवही मिटली. बाहेर काही तो आला नाही.

बाईंनी एकटीनंच सांगितलं. कुणी वाकडं बोललं, कुणी नुसतंच टॉवेल गुंडाळून पोराला घेऊन गेलं. एक आई म्हणाली, "तरीच हा दोन दिवस डोळे चोळतोय. आणि मी काजळ पुसत बसले."

शेवटी नात उरली. डोळे लालबुंद.

परवाच, हे लाल डोळे बघून, बाईंनी तिचा मोबाईल कपाटात कुलूप लावून ठेवला होता. "आणखी बघ त्या डबड्यात," म्हणाल्या होत्या. पोरगी रडून रडून सांगत होती की पाणी झोंबतं. त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं होतं: "बहाणे पुरेत. पाणी मी स्वतः तपासलंय."

नातीनं टोपी काढून पिळली. ती कोरडीच होती.

"मोबाईल देशील ना आता?"

"घरी गेल्या गेल्या देते."

बाईंनी तिला जवळ ओढलं. पोरगी आली, पण अंग आखडूनच. तिनं हळूच विचारलं,

"आजी, परत झोंबलं तर तुला सांगू का?"