गाववाला

"हळू रे, दोर सुटेल!"

दोहाच्या धक्क्यावर ही हाक एस्टोनियन भाषेत आली आणि एल्मार तामिक यांच्या हातातली मोजपट्टी थांबली. जहाज रशियन होतं. त्यातून चिरलेल्या पाइनच्या फळ्या उतरत होत्या, आणि तामिक एका स्वीडिश कंपनीतर्फे त्यांची तपासणी करायला आले होते. साल १९७९. लाकूड तपासणं हे पोटापुरतं. एरवी तामिक युद्धमंत्री होते. रशियाने एस्टोनिया गिळला तेव्हा निसटलेल्या लोकांनी परक्या मुलखात जे सरकार चालू ठेवलं होतं, त्या सरकारचे. त्यांच्या हाताखाली एकही शिपाई नव्हता.

त्या जहाजाची शिडी चढायची नाही, हे त्यांनी सकाळीच ठरवलं होतं. पण ओरडणारा अधिकारी स्वतःच खाली उतरला. तिशीचा, उन्हाने लालबुंद झालेला.

"कुठला तू?" तामिकनी त्याच्याच भाषेत विचारलं.

तो दचकला. जहाजाकडे एकदा बघून घेतलं आणि मग हसला. "सारेमा बेटाचा. तुमचा हेल तर अगदी आमच्या बाबांसारखा आहे!"

"मीही तिथलाच. फार वर्षांपूर्वीचा."

कंपनीचा कारकून बशीर रत्नागिरीचा. त्याला भाषा कळली नाही, पण दोघांचे चेहरे कळले. "गाववाला मिळाला की काय साहेब? यल्ला, चला, सावलीत बसा, चहा आणतो. आमच्याकडचा कुणी भेटला ना, तर मी आधी त्याला जेवायला घालतो, नाव मग विचारतो."

फळ्यांच्या थप्पीआड दोघे बसले. उन्हाने लाकडातला डिंक पाझरत होता. तरुण भडाभडा बोलत सुटला. यंदा बर्फ उशिरा वितळलं, हेरिंग माशाला भाव नाही, गावातली पवनचक्की दुरुस्त झाली. तामिक एकेक शब्द तहानेल्यासारखे पीत होते. स्टॉकहोममधल्या निर्वासितांच्या सभांमध्ये पस्तीस वर्षांपूर्वीचाच देश बोलला जाई. हा देश कालपरवाचा होता.

"आणि हा माझा मुलगा," तरुणाने पाकिटातून फोटो काढला. "आजोबांच्या मांडीवर."

तामिकनी मुलाकडे पाहिलं, मग आजोबांकडे. पांढरे केस, सफरचंदाच्या झाडाखाली खुर्ची. डाव्या कानाची पाळी अर्धी तुटलेली. ती तुटली तेव्हा तामिक त्याच खंदकात होते; जखम त्यांनीच बांधली होती.

हाइनो.

चव्वेचाळीस साली शेवटच्या होडीत एकाच माणसाची जागा होती. तेव्हा धाकट्या भावाला, आडूला, तामिकनी हाइनोच्या हवाली केलं होतं. दोघे जंगलात गेले, इतरांबरोबर रशियनांशी लढले. दोन वर्षांनी निरोप आला, आठच्या आठ मारले गेले. दर फेब्रुवारीत, देशाच्या स्वातंत्र्यदिनी, तामिक भर सभेत ती आठ नावं वाचत. सभा उभी राही. हाइनोच्या नावापाशी त्यांचा आवाज हटकून कापे.

"बाबांची तब्येत?" त्यांनी विचारलं.

"ठणठणीत. पेन्शन चांगलं आहे, पदक आहे ना त्यांना." तरुणाने अभिमानाने सांगितलं. "लढाईनंतर आमच्या जंगलात डाकू लपले होते. कुणाला सापडेनात. बाबांना त्यांची वाट ठाऊक होती."

"किती होते?"

"सात."

बशीरने आणलेला चहाचा पेला तामिकनी मुठीत घट्ट धरला. बोटं भाजली, तरी त्यांनी पेला सोडला नाही. त्या सातांत आडू होता. एकोणीस वर्षांचा.

"झोपेत होते म्हणे," तरुण म्हणाला. "एकही गोळी सुटली नाही त्यांच्याकडून."

तामिकनी पुन्हा फोटोतल्या मुलाकडे पाहिलं. मुलाचे पुढचे दोन्ही दात पडले होते आणि तो तोंडभर हसत होता. त्यांनी फोटो जपून, कडांना धरून परत दिला.

जहाजाचा भोंगा वाजला. तरुण घाईने उठला. "बाबांना सांगितलंच पाहिजे! वाळवंटात आपल्या बेटाचा माणूस भेटला म्हणून. नाव काय तुमचं?"

तामिकनी पेला खाली ठेवला.

"आडू," ते म्हणाले. "आडू तामिक."

"ओळखतील ते?"

"ओळखेल. सांग, आडू तुझी आठवण काढत होता."

कागद कुठे सापडेना, म्हणून तरुणाने तळहातावरच बॉलपेनने नाव लिहून घेतलं. घामाने ते पुसू नये म्हणून पंजा उघडा, उंच धरून तो एका हाताने शिडी चढत गेला.