पर्जन्यमापकावरचं इरलं

भरदुपारी घाटमाथ्यावरच्या पर्जन्यमापकाने चार तासांत तीनशे दहा मिलिमीटर पाऊस नोंदवला. खोऱ्यातला पूर आधीच सांगणाऱ्या मॉडेलने तो आकडा फेटाळला. यंत्राच्या राखणदार हौसाबाईने तो पुन्हा पाठवला. उत्तर तेच आलं: "या ठिकाणी एवढा पाऊस पडत नाही."

कड्याखालचा ओढा तिच्या डोळ्यांदेखत पूल गिळून गावाकडे निघाला होता. तिने गावातल्या भावाला फोन लावला.

"गेनू, पोरांना घेऊन टेकाडावर पळ!"

"आक्के, भोंगा कुठं वाजलाय? आमची लावणी चाललीय."

लावणी! मॉडेलने भोंगा वाजवला की पोलीस गाव रिकामं करायचे आणि भाताची रोपं कुजायची. म्हणून सहा वर्षं दर आषाढात गेनूच हात जोडायचा आणि ती यंत्रावर पानांचं इरलं पालथं घालायची. मग यंत्रात थोडाच पाऊस पडायचा आणि तेवढ्याच पावसावर मॉडेल शिकत गेलं.

"अरे, त्याला मीच खोटं शिकवलंय रे!"

पलीकडून पोरीने विचारलं, "आत्या काय म्हणते?"

"काही नाही," गेनू हसला. "यंदा इरलं घालायला विसरली वाटतं."