उभा दगड

आमचं घर इम्दिना शहराच्या तटबंदीपासून हाकेवर, तरी बाबा चाळीस वर्षं तिकडं फिरकले नाहीत. खाणीत दगड जसा निजलेला, तसाच भिंतीत निजवायचा, हा माल्टातल्या गवंड्यांचा पहिला धडा. तटाची डागडुजी करताना तरण्या बाबांनी एक दगड उभा बसवलेला. आता तो बदलायचं काम माझ्याकडेच आलं, म्हणून त्यांना ओढून आणलं. उभ्या थरांचे पोपडे सुटून दगडात खळगा पडला होता. “माझी अब्रू वेशीवर टांगलीय,” ते पुटपुटले. परांचीवरून मी म्हणाले, “बाबा, वर या. इथं आणखी एक उभाय.” “तो माझा नाही.” “मूळ बांधणीतला, चारशे वर्षांपूर्वीचा.” ते धापा टाकत चढले. त्याही खळग्यात बोटं फिरवली. मान वर करून अख्खा तट न्याहाळत राहिले. मग टोपी काढून खळग्याला म्हणाले, “काय हो मिस्त्री, तुमचाही हात चुकला होता होय?”